‘कोई दो’ म्हटलं की कुणीच देत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी घरांत डॉक्टरकी म्हणजे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. १९४६ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकली ती वॉर्डातल्या राऊंडवर: सर पुढे, विद्यार्थी मागे, खाटेपाशी प्रश्नोत्तरं. तातडीच्या उपचारांत ही रीत लंगडी पडते. हृदय थांबलेल्या रुग्णापाशी प्रश्न विचारायला सवड कुणाला?

म्हणून पुतळा लागतो. खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लेर्दाल यांनी नॉर्वेत १९६० साली असा पुतळा आणला, तेव्हापासून जगभरचे डॉक्टर त्याच्यावर हात बसवत आलेत. शहरातल्या एका प्रशिक्षणात मी इंटर्न मुलांचा एक गट सांभाळत होतो. गटाची म्होरकी चुणचुणीत होती. नाडी १० सेकंदांच्या आत पाहायची, छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची, ३० दाबांमागे २ श्वास, दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा. तिला सगळं पाठ.

“कोई ॲड्रेनालिन दो!” ती ओरडली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सिरिंज ट्रेमध्येच राहिली.

सराव संपल्यावर सगळे गोल करून बसले. याला डीब्रीफिंग म्हणतात आणि सरावाहून जास्त वेळ त्यालाच द्यायचा असतो. इथे ‘कोण चुकलं’ असं विचारत नाहीत; ‘त्या वेळी तुला काय वाटलं?’ असं विचारतात. “हमें लगा, ये भर रही है,” एकजण म्हणाला. जिच्याकडे बोट होतं, तिला वाटलं होतं की सिस्टरांनी दिलंच असेल. औषध सगळ्यांना ठाऊक, मात्राही ठाऊक. काम मात्र कुणाच्याच अंगावर पडलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत म्होरकीनं नाव घेऊन सांगितलं, “एक मिलिग्रॅम.” समोरून तेच शब्द परत आले, मग “दे दिया”, आणि लिहिणाऱ्यानं वेळ टिपली.

अशा शिस्तीमागे दुःखही आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिरोगतज्ज्ञाचं विमान कोसळलं. पत्नी गेली, मुलं गंभीर जखमी झाली. स्थानिक रुग्णालयातली गडबड पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह अपघातग्रस्तांवरच्या उपचारांचा ठरावीक क्रम शिकवणारा अभ्यासक्रम उभा केला. तो आज जगभर शिकवला जातो. भारतात आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९मध्ये.

डॉक्टर नसलेल्यांसाठी भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७मध्ये फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आखून दिली आहे. तुमच्या सोसायटीत, शाळेत किंवा महाराष्ट्र मंडळात एक रविवार त्यासाठी काढा, आणि १०८ला फोन कोण करणार हे त्याच दिवशी नाव घेऊन ठरवा.