ताडपत्र आणि ताडाचं बी

भाद्रपद. सकाळ तंजावरच्या राजवाड्यातल्या सरस्वती महालात गेली. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८–१८३२) वाढवलेल्या या ग्रंथालयात कागदी पोथ्यांबरोबर ताडपत्रंही हजारोंनी आहेत. कीड लागू नये म्हणून पानांना गवती चहाचं तेल लावतात. संध्याकाळी मात्र बोटांना दुसराच वास होता, पिकलेल्या ताडफळाचा.

*

राजवाड्यापासून बसने अर्ध्या तासावर एक एरी आहे, म्हणजे तळं. रविवारी तिच्या बांधावर आम्ही पंधरा-वीस जण ताडाचं बी लावतो. जुन्या तंजावरी मराठी घरातल्या एक काकू सोबत असतात. पहिल्या दिवशी मी रोपांबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "रोप नको बाळा, बीच लाव. त्याचं मूळ हलवलं की मेलं."

खरंच आहे ते. बी रुजलं की कोंब आधी खाली जातो, हातभर खोल, आणि पान कित्येक महिन्यांनी वर येतं. हेच कोवळे कोंब पोंगलला उकडून खातात. एका फळात बहुधा तीन बिया. केशरी गर इतका चिवट की धागे नखांत अडकतात. वीतभर खड्डा, बी, वर माती. बस.

*

आपल्याकडे झाडं लावायची ती आषाढात. जुलैचा वनमहोत्सव १९५० पासूनचा. इथे तो हिशेब चालत नाही. तंजावरचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून बी त्याच्या आधी मातीत हवं. झाड कुठलं आणि पाऊस कुठला हे न बघता केलेली लागवड म्हणजे नुसता खर्च.

*

१६ नोव्हेंबर २०१८ ला गज चक्रीवादळ आलं. पट्टुकोट्टै, पेरावुरणीकडच्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. "ताड उभे होते," असं बांधावरचा प्रत्येक जण सांगतो. तरी वीटभट्ट्यांच्या जळणासाठी तोडले गेले ते हेच ताड! तमिळनाडूचा राज्यवृक्ष असूनही. २०२१ मध्ये सरकारने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ताड तोडायला मनाई केली आणि ७६ लाख बिया वाटायची योजना जाहीर केली.

*

नुसत्या ताडांचं वन होत नाही. इकडच्या पूर्व किनाऱ्याचं मूळ जंगल शुष्क सदाहरित. त्यातलं आता थोडंच उरलंय, तेही बरंचसं देवळांभोवती. इथे त्याला कोविल काडु म्हणतात, आपण देवराई म्हणतो. इथली पालै म्हणजे आपली खिरणी. अंजनीही दोन्हीकडची.

सयाजी शिंदे तमिळ प्रेक्षकांना 'भारती' (२०००) चित्रपटातले सुब्रह्मण्य भारती म्हणून माहीत आहेत. तेच महाराष्ट्रात 'सह्याद्री देवराई'मार्फत देशी झाडं लावतात, हे मी बांधावर सांगितलं. सगळ्यांना फार आनंद झाला. मलाही.

*

या ताडांना फळ धरायला बारा-पंधरा वर्षं तरी लागतील. काकू सत्तरीच्या पुढे आहेत. सर्वांत जास्त बिया त्याच लावतात.

*

पुढच्या भाद्रपदात बृहदीश्वर आणि राजवाडा पाहायला येणार असाल, तर एक रविवार बांधासाठी ठेवा. जुने कपडे आणा, गराचे डाग निघत नाहीत.