नांगर विकणारे मास्तर

शाळा सोडून दहा-पंधरा वर्षे झालेले विद्यार्थी भेटतात, तेव्हा काहींची मान खाली असते. चार ठिकाणी कामे केली, पण कुठेच टिकलो नाही, असे ते सांगतात. घरची माणसे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून मोकळी होतात. इतिहासाचा अभ्यासक या नात्याने मला हा निकाल घाईचा वाटतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नव्हते. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी ते गावोगाव हिंडले. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा शेतकऱ्याला नांगर घ्यायला लावणे म्हणजे त्याची शंका ऐकून घेणे, त्याच्या भाषेत बोलणे आणि पुन्हा त्याच गावी जाण्याइतकी पत राखणे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहासाठी घरोघरून मूठभर धान्य मागताना हीच विद्या त्यांच्या उपयोगी पडली असावी, असे मला वाटते.

मी स्वतः एम.ए. होईपर्यंत सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिले, सुट्टीत पुस्तके विकली, रात्री शिकवण्या घेतल्या. त्या वेळी ही निव्वळ पोटाची सोय होती. पुढे वसतिगृहाच्या धान्यखरेदीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा काटा कसा पाहावा, भाव कधी विचारावा आणि उधारी किती वाढू द्यावी, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

मात्र अनुभव आला की उद्योग उभा राहतोच, हे अर्धसत्य आहे. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी दाखल झालेल्या बाबासाहेबांनी परदेशातून परतल्यावर मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. अर्थशास्त्राचे एवढे ज्ञान त्या बाजारात क्वचितच कुणाकडे असेल. तरी जात कळताच गिऱ्हाईक थांबले आणि पेढी बंद पडली. उणीव कौशल्याची नव्हती. बाबासाहेबांनी पुढे वृत्तपत्रे चालवली, छापखाना उभारला आणि १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. दारे बंद असतील तर स्वतःच्या संस्था उभाराव्या लागतात, हा त्याचा अर्थ.

आपल्या मुलांची स्थिती आजही पुष्कळशी अशीच आहे. कुरिअर पोहोचवणाऱ्याला पेठेतली प्रत्येक गल्ली ठाऊक असते; गॅरेजमध्ये राबलेल्याला गिऱ्हाइकाचा राग झेलता येतो; बचत गटाचे दप्तर लिहिणाऱ्या मुलीला व्याजाचे गणित पाठ असते. नसतात त्या तीन गोष्टी: भांडवल, जामीनदार आणि पहिले गिऱ्हाईक.

माजी विद्यार्थ्यांना म्हणूनच विनंती आहे. स्नेहमेळाव्याला याल तेव्हा सध्याच्या नोकरीबरोबर आधीची सगळी कामेही मुलांना सांगा. आणि आपल्यापैकी कोणी सम्यक आजीविकेचा मार्ग धरून दुकान थाटले, तर पहिली खरेदी आपण करू या, तीही रोखीने.