मयूर, मोर आणि पाड्यावरचा 'कावला'



पक्ष्यांचा पाठ सुरू झाला की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, मयूर बरोबर की मोर?" दोन्ही बरोबर, एवढंच सांगून पुढे जाऊ नका. इथं थोडं थांबायला हवं.

संस्कृतात मयूर. लोकांच्या तोंडी त्याचा मऊर झाला, मग मोर. तसाच पारावतचा पारवा, टिट्टिभची टिटवी. बोलता बोलता शब्द झिजले. आमच्या त्र्यंबकेश्वरहून नाशिकला गेलं की पांडवलेणी आहेत. तिथले सातवाहनांच्या काळातले शिलालेख प्राकृतात आहेत. म्हणजे राजांनीही दगडावर कोरली ती लोकांच्या बोलण्याजवळची भाषा!

युरोपातही हेच घडलं. लॅटिनमध्ये मोर म्हणजे पावो. इटालियनमध्ये तो पावोने झाला, फ्रेंचमध्ये मधला 'व' गळून नुसता पाँ उरला. स्पेनमध्ये तर गंमतच. अमेरिकेतून टर्की आली, लोक तिलाच पावो म्हणू लागले. मग मोराला म्हणावं लागलं 'पावो रेआल', म्हणजे राजेशाही पावो. लॅटिनमधली चिमणी, पास्सेर, स्पॅनिशमध्ये 'पाहारो' झाली आणि कुठल्याही पाखराचं नाव बनली. आपली चिमणी उलट वाटेनं आली. चिमणं म्हणजे लहान, तेच तिचं नाव झालं.

हे सगळं का सांगतेय? आमच्याकडे पाड्यांवरून मुलं येतात. त्यातलं एखादं 'कावला' म्हणतं आणि वर्ग हसतो. मग ते मूल चार दिवस तोंड उघडत नाही. पण फ्रेंच माणूस अशुद्ध लॅटिन बोलतो, असं कुणी म्हणतं का? 'काक'पासून कावळा झाला, तसाच कावलाही. लिहिताना प्रमाण शब्द शिकवायचाच, पण घरचा शब्द खोडून नाही, त्याच्या शेजारी लिहून.

एक सोपा उपक्रम करा. वहीत तीन रकाने आखा: पुस्तकातलं नाव, घरचं नाव, आजीनं सांगितलेलं नाव. दहा पक्षी पुरेत. पालकांनो, मुलांना घरी हे शब्द विचारू द्या, "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. रकाना भरायला सगळ्यात आधी कोण उठतं ते बघा. बहुतेक वेळा तेच गप्प बसणारं मूल असतं.