डागडुजी

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे पुष्कळ आहेत. पुणे जिल्ह्यातील घोडनदीचे शिरूर सर्वांच्या परिचयाचे. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. म्हणून आमच्या पत्त्यावर ‘कासार’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहावा लागतो. एरवी टपाल भलत्याच गावी मुक्काम करून येते. बीड जिल्ह्यातील, सिंदफणेच्या काठचे, ते आमचे शिरूर कासार. शिक्षकी पेशाची तीस-बत्तीस वर्षे बाहेरगावी काढून २०१७ साली आम्ही उभयता येथील वडिलोपार्जित घरात राहावयास आलो. जुने माळवद पाडून तेथे स्लॅब झाला होता, परसातील आड केव्हाच बुजविण्यात आला होता, आणि भिंतींतून लोखंडी नळ फिरले होते. त्या नळांची ही कथा आहे. खरे तर ती नळांची कमी आणि आमची अधिक आहे.

आमच्या भागातील पाण्याविषयी वाचकांस वेगळे सांगावयास नको. सिंदफणेला नदी म्हणावे ते पावसाळ्यातील काही दिवस. उरलेले वर्ष ती वाळूची वाट असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पोचवावे लागले होते, ते साऱ्या देशाने पाहिले. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आमचा जिल्हाही होता. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीचे घड्याळ टँकरच्या भोंग्यावर चालू लागले. पाणी विकत घेऊन हौदात साठवावयाचे आणि तेथून मोटरने गच्चीवरील टाकीत चढवावयाचे, असा सर्वांचा शिरस्ता होता. अशा गावात गळणारा नळ म्हणजे गळणारा पैसा, आणि पैशापेक्षाही काही अधिक. शाळेत आम्ही मुलांना गणित घालीत असू: सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे थेंब ८६,४००, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सव्वाचार लिटरांहून जास्त. नळाचा थेंब त्याहून मोठाच असतो. हे गणित फळ्यावर सोडविणे सोपे. स्वतःच्या हौदाशेजारी उभे राहून सोडविताना घशाला कोरड पडते.

२०१९ च्या मे महिन्यात हौदाकडून गच्चीकडे जाणारा आमचा नळ एका सांध्यापाशी गंजून पाझरू लागला. कारागीर शोधण्यास निघालो. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार असे बलुतेदार होते. पाणी भरणारा कोळीही होता. नळ जोडणाऱ्याला मात्र बलुत्यात स्थान नव्हते, कारण गावात नळच नव्हते. लॅटिन भाषेत शिशाला ‘प्लंबम’ म्हणतात, त्यावरून प्लंबर हा शब्द आला. रोमन लोक शिशाचे नळ वापरीत असत. आमच्या गावी हा शब्द आमच्या डोळ्यांदेखत आला. पिढीजात धंदा नाही, त्यामुळे ‘अमक्याचा मुलगा म्हणजे काम चोख’ अशी ग्वाही देता येत नाही. शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या व्यवसायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. परंतु लहान गावांतील बहुतेक मुले कोणा ठेकेदाराच्या हाताखाली पाने उचलून देता देता शिकतात. ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातून देशभर प्लंबर जातात, आणि तेथील पट्टामुंडाई या गावी या व्यवसायाची स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे. मोठ्या शहरातील माणसाला त्या जिल्ह्याचे नाव हीच एक ओळख वाटते. शिरूरच्या पोराजवळ मात्र त्याच्या बऱ्या-वाईट नावाखेरीज दुसरे प्रमाणपत्र नसते. ही गोष्ट आम्हांला त्या वेळी सुचावयास हवी होती.

आम्ही तिघांना विचारले. विचारले ते एकच: ‘किती घेणार?’ ज्याने सर्वांत कमी मजुरी सांगितली तो पंचविशीतला एक तरुण होता. त्याने नळावर दोन ठिकाणी पाना ठोकून पाहिला आणि म्हणाला, “सर, एवढा सांधा बदलून उपेग नाही. हा सगळाच नळ आतून खाल्लेला आहे.” आम्हांला वाटले, काम वाढविण्याची ही कारागिरांची नेहमीची युक्ती. “सांधा तेवढा बदल,” आम्ही सांगितले. त्याने मुकाट्याने गंजलेला तुकडा कापला, लोखंडाला आटे पाडले, आणि मध्ये सीपीव्हीसीचा तुकडा बसवून चिकटद्रव्याने, म्हणजे दुकानात ज्याला ‘सोल्युशन’ म्हणतात त्याने, सांधा जोडला. निघताना त्याने एक वाक्य उच्चारले: “उद्या सकाळपर्यंत मोटर लावू नका.” निम्मी मजुरी त्याने घेतली, निम्मी दुसऱ्या दिवशी पाणी सुरू झाल्यावर द्यावयाची होती.

त्याच संध्याकाळी टँकर आला. पाच हजार लिटर पाणी हौदात पडले. दिवसभर गेलेली वीज रात्री अकराला आली. गच्चीवरील टाकी कोरडी होती, आणि वीज पहाटेपर्यंत टिकेल याची शाश्वती कोण देणार? आम्ही मोटर लावली. टाकी भरण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागत. तेवढ्यात अंग टाकले आणि डोळा लागला. पहाटे शेजारच्या काकूंनी दार ठोठावले. गल्लीची गटारे उन्हाळ्यात वाहत होती. हौदात तळाचा गाळ उरला होता आणि मोटर जळून गेली होती. सांधा निसटून नळाची दोन टोके एकमेकांकडे पाहत होती.

तो तरुण आठ वाजता, ठरल्याप्रमाणे, उरलेल्या मजुरीसाठी आला. त्याला आम्ही दारातच थांबविले. काय बोललो ते येथे लिहीत नाही. आयुष्यभर वर्गात चढविलेला आवाज अशा वेळी चांगलाच कामी येतो. तो एवढेच म्हणाला, “म्या सांगितलं होतं, मोटर लावू नका म्हणून.” आम्ही म्हणालो, “असे काही सांगितले नव्हते.” आमच्यापैकी एकाने ते वाक्य स्पष्ट ऐकले होते. कोणी, ते सांगत नाही. ‘आम्ही’ हा शब्द अशा वेळी फार सोयीचा असतो. उरलेली मजुरी आम्ही दिली नाही. इतकेच करून थांबलो असतो तरी पुष्कळ झाले असते. परंतु हार्डवेअरच्या दुकानी, किराण्याच्या दुकानी, टँकरच्या रांगेत आम्ही ही कथा सांगत सुटलो, आणि प्रत्येक वेळी त्या मुलाचे नाव घेऊन सांगितली. पाच हजार लिटर पाणी वाया गेलेल्या माणसाचे म्हणणे दुष्काळात कोण खोटे मानील?

दोन दिवसांनी दुसरे कारागीर आणले. या वेळी मजुरी विचारली नाही. ज्यांच्या घरचे काम होऊन एक उन्हाळा आणि एक पावसाळा लोटला होता, अशा दोन घरी जाऊन चौकशी केली. आलेले गृहस्थ पन्नाशीचे होते. सर्वजण त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, “घराचा मुख्य कॉक कुठं आहे?” दोन वर्षे त्या घरात राहून आम्हांला त्याचे उत्तर देता आले नाही. मग त्यांनी निसटलेला सांधा उचलून उजेडात धरला, आतून बोट फिरविले, आणि म्हणाले, “काम चांगलं केलंय की. सोल्युशन दोन्हीकडं सारखं लागलंय. धरायच्या आत पाणी सोडलंय कोणीतरी.”

आम्ही उभयता एकमेकांकडे पाहिले नाही.

मिस्त्रींनी त्या दिवशी जे शिकविले ते आमच्यासारख्या घरमालकांच्या उपयोगी पडावे म्हणून नोंदवितो. चिकटविलेला सांधा काही मिनिटांत धरल्यासारखा दिसतो, परंतु मोटरचा दाब सोसण्याइतका पक्का होण्यास तास लागतात. किती, ते नळाच्या जाडीवर आणि हवेवर अवलंबून असते आणि डब्यावर छापलेले असते. नळ घेताना भारतीय मानकाचा क्रमांक पाहावा: लोखंडी जस्ती नळावर १२३९, सीपीव्हीसीवर १५७७८, साध्या यूपीव्हीसीवर ४९८५. सामान व मजुरी यांचा हिशेब निरनिराळा लिहून घ्यावा. भिंत लिंपण्यापूर्वी नळ कोठून कसा गेला आहे त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. काम झाल्यावर रात्री सर्व नळ बंद करून टाकीत पाण्याच्या पातळीशी कोळशाने रेघ ओढावी. सकाळी पाणी रेघेवर असेल तर काम पुरे झाले. ही परीक्षा होईपर्यंत मजुरीचा एक हिस्सा मागे ठेवण्यास हरकत नाही, मात्र तसे कामाच्या आरंभीच सांगावे. शेवटी सांगितले तर ती अडवणूक होते. मिस्त्रींनीही तोच सल्ला दिला जो त्या तरुणाने दिला होता: सगळा नळ बदला. बदलला. आणि विजेवरील जलतापकाचे काम काढले तेव्हा ते म्हणाले, “ते माझं काम नाही, वायरमनला बोलवा.” जो कारागीर आपल्याला काय येत नाही हे सांगतो, त्याच्या हाती घराची किल्ली द्यावयास हरकत नसते, असे आमचे तेव्हापासूनचे मत आहे.

बीड शहरालगत सोळाव्या शतकातील खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर आणली. मातीच्या नळांतून, उंच मनोऱ्यांवर चढून-उतरून पाणी शहरभर फिरत असे. बांधविणाऱ्यांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतली. ज्या हातांनी त्या नळांचे सांधे लिंपले आणि ते वाळेपर्यंत पाणी अडवून धरले, त्यांचे नाव कोठेच नाही. आमच्या हाती एका कारागिराचे नाव होते, आणि ते आम्ही असे वापरले होते.

सांधा चांगला होता हे कळल्यावर तरी आम्ही लगेच गेलो का? नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असे करीत पावसाळा आला. पुढे कळले की, गावात काम मिळेनासे झाल्यामुळे तो पुण्याकडे एका बांधकामावर गेला आहे. जाण्याची आता सोय नाही, असे आम्ही एकमेकांना सांगितले, आणि त्यात थोडेसे समाधानही होते. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि शहरांतून माणसे गावी परतली तसा तोही परतला. आता सबब उरली नाही.

निर्बंध सैल झाल्यावर आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. राहिलेली मजुरी आणि वर काही रक्कम पाकिटात घातली होती. त्याच्या आईने पाणी दिले. त्याने पाकीट उघडून ठरलेली मजुरी मोजून घेतली, वरची रक्कम परत केली, आणि म्हणाला, “पैसे पोचले, सर. पण वर्षभर कोणी काम दिलं नाही, ते कसं देणार?”

याला उत्तर नव्हते. चूक कबूल करणे निराळे आणि भरून देणे निराळे, हे आपणां सर्वांना बालपणीच शिकविलेले असते; पुढे आपण पहिल्यावरच भागवितो. घरी परतताना ठरविले की ज्या ज्या ठिकाणी बोललो होतो त्या त्या ठिकाणी पुन्हा जावयाचे. हार्डवेअरच्या दुकानी, गिऱ्हाइके असताना, आम्ही सांगितले की सांधा त्याने नीट जोडला होता, मोटर आम्ही लावली, आणि लावू नका असे त्याने आम्हांला बजावले होते. दुकानदार कसनुसे हसले. किराण्याच्या दुकानी कोणाला ती जुनी गोष्ट नीट आठवेना. त्या मुलाचे काम कच्चे, एवढे मात्र सर्वांना आठवत होते. तीन-चार घरी आम्ही त्याचे नाव आपण होऊन सुचविले. एका घराने बोलाविले, मग दुसऱ्याने. आता त्याच्यापाशी दोन पोरे हाताखाली आहेत.

आमच्या घरी तो पुन्हा कामाला आला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतील एका घरी तो काम करीत होता. जाताना आमच्या दाराशी क्षणभर थांबला. “सर, बाहेरच्या कॉकाजवळची भिंत ओली दिसतेय. वॉशर गेला असेल, बदलून घ्या,” म्हणाला, आणि आत न येता पुढे गेला. आम्ही जाऊन पाहिले. भिंत खरोखरच ओली होती. दुपारच्या आत मिस्त्रींना बोलावून वॉशर बदलून घेतला, आणि रात्री टाकीत कोळशाची रेघ ओढली.