ऑक्स-2 वरची आजी

माझा होम स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या वन बीएचकेमधलं एक टेबल. दोन सिंथ, एक डिले, एक रिव्हर्ब पेडल आणि आठ चॅनलचा सेकंडहँड मिक्सर. फ्रीलान्स पत्रकाराच्या खिशाला झेपेल एवढंच! केबल्स मात्र ढीगभर.

या वेडाला आपल्याकडे परंपरा आहे बरं का. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची टीआर-808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही यंत्रं एकत्र आणून दहा राग डिस्को बीटवर वाजवले. मिडी आली 1983 मध्ये, म्हणजे त्यांच्यानंतर! रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि लोक थक्क झाले.

तर, दोन वर्षांपूर्वी दिवाळीला हा सगळा संसार सॅकमध्ये कोंबून मी मलकापूरला उतरलो आणि तिथून धामणगाव बढेला गेलो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या होत्या. खाली सिंथचा एक लांब सूर, वर तिचा आवाज. ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणत चार वर्षं गेली होती.

माडीवर कापूस भरलेला. टाळी वाजवून पाहिली, तर खोलीत घुमणं नावालाही नाही. पुण्यात फोम लावायला पैसे मोजतात, इथे फुकट!

पण स्पीकर सुरू केले आणि घुंऽऽ. आजी म्हणाली, “हे गुरगुरते काऊन रे?” चुलतभाऊ लग्नाच्या मांडवात साउंड लावतो. त्यानं एक नजर टाकली. लॅपटॉप एका भिंतीच्या सॉकेटला, मिक्सर दुसऱ्या. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की त्यातून हम फिरतो. त्यानं सगळं एकाच बोर्डावर घेतलं, गुरगुर गेली. माझी मास कॉमची डिग्री गप्प.

माइक चॅनल एकवर, सिंथ तीन-चारवर. ऑक्स-1 मधून डिले, ऑक्स-2 मधून रिव्हर्ब, दोन्ही परत सात-आठवर. आठव्या चॅनलचाच ऑक्स-2 चुकून उघडा राहिला. रिव्हर्ब स्वतःलाच ऐकू लागला, अशी काही शिटी फुटली की आजी पदर तोंडाला लावून हसली.

मग ती गायली. सलग वीस मिनिटं. मी मिक्सरचा स्टिरिओ आउट थेट लॅपटॉपमध्ये घेत होतो, म्हणजे आवाज, सिंथ, रिव्हर्ब सगळं एकाच फाइलमध्ये कालवलेलं. ‘उद्या नुसता कोरडा आवाज घेऊ,’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिचा घसा बसला, तिसऱ्या दिवशी मला एका असाइनमेंटसाठी निघावं लागलं. जानेवारीत आजी गेली.

आता आहे ती हीच फाइल. माझा अगोचर रिव्हर्ब काही त्यातून काढता येत नाही. काय घाई होती त्याची? हल्ली मी कुणाचंही रेकॉर्डिंग करताना माइक आधी वेगळ्या ट्रॅकवर घेतो, बाकी सगळं नंतर.

शेवटची ओवी संपल्यावर मी चॅनल एकचा फेडर खाली ओढला होता. पण ऑक्स-2 प्री-फेडर होता, तो फेडरला जुमानत नाही. त्यामुळे मूळ आवाज गेला, रिव्हर्बमधला राहिला. त्यात ती विचारते, “झालं का रे बाप्पा?”

भावाला फाइल पाठवली. ऐकून त्याचा फोन आला, “शेवटी आजी बाजूच्या खोलीत गेली होती का?”