मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं

नाचणगाव पुलगावला इतकं लागून आहे की एक गाव कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते नवख्या माणसाला कळत नाही. वस्ती मागे टाकून शिवारात शिरलं की लागते काळी जमीन. पावसात ती फुगते आणि पायाला धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापूस, तूर, सोयाबीन आणि सोयाबीनमागून हरभरा, असा आमचा पीकपाण्याचा क्रम. कपाशीच्या दोन ओळींतून डवरणी करता यावी म्हणून आम्ही पंधरा हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर घेतला. पुढे ५.२०-१४ मापाची चाकं, मागे ८-१८ ची. गेली काही वर्षं घरचं बहुतेक काम तोच करतो.

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी पंजी, म्हणजे कल्टिव्हेटर, मारताना मागची चाकं जागेवर फिरू लागली. इंजिनाचा आवाज तोच, डिझेल तेवढंच जळत होतं, पण ट्रॅक्टर पुढे सरकत नव्हता. टायरवरचे रबराचे तिरपे पट्टे झिजून बोटाच्या पेरापेक्षाही कमी उरले होते. चाक किती घसरतं हे शेतातच मोजता येतं. टायरवर खडूने खूण करायची, पंजी वर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा आणि अंतर टेपने मोजायचं. मग पंजी जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. पहिल्या वेळी २४ मीटर भरले, दुसऱ्या वेळी १८. म्हणजे चाकाच्या चार फेऱ्यांतला एक फुकट जात होता. मशागतीत साधारण १० ते १५ टक्के घसरण चालते, कारण मातीत चाक थोडं तरी घसरणारच. २५ टक्के म्हणजे डिझेल, वेळ आणि रबर तिन्ही वाया.

टायर बदलायचे ठरवलं तेव्हा बाबांनी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवून लाल केलेली लोखंडी धाव बसवायचा आणि वरून पाणी ओतलं की ती आवळून घट्ट बसायची. ट्रॅक्टरची चाकंही आधी लोखंडीच होती. अमेरिकेत १९३२ साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनच्या मदतीने हवेचे टायर बसवलेला ट्रॅक्टर विकायला काढला, आणि थोड्याच वर्षांत लोखंडी चाकं मागे पडली. लोखंडी चाक कडक, त्याचा सगळा भार थोड्याशा जागेवर येतो. हवेचा टायर जमिनीवर टेकला की जरा पसरतो आणि भार वाटून देतो. तो किती पसरावा हे मात्र आतल्या हवेवर ठरतं.

माप बदलायचं नाही हे पहिलं. मोठा टायर बसला तर डवरणीत झाडं चेंगरतात आणि गिअरचं गणितही बिघडतं. आमचा ट्रॅक्टर मागच्या दोन चाकांच्या ओढीचा आहे. चारही चाकं ओढणारा असेल तर पुढच्या-मागच्या टायरांचा मेळ आणखी काटेकोर ठेवावा लागतो. दुसरं, मागचे दोन्ही टायर एकदमच बदलायचे. एक नवा आणि एक झिजलेला असला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो.

तिसरी गोष्ट नक्षी. हिरवळीवर फिरणाऱ्या परदेशी बागेच्या ट्रॅक्टरला उथळ, सपाट नक्षीचे टायर लावतात, कारण तिथे गवत जपायचं असतं. भातखाचरासाठी फार खोल पट्ट्यांचे असतात. आमच्या काळ्या मातीला मध्यम खोलीच्या तिरप्या पट्ट्यांचे टायर हवेत, आणि पट्ट्यांमधली जागा मोकळी हवी. चाक फिरताना चिखल बाहेर फेकला गेला पाहिजे. तो खाचांत भरून बसला की टायर गुळगुळीत चेंडूसारखा होतो.

चौथी गोष्ट आमच्या पिकाशी जोडलेली आहे. पऱ्हाटी आणि तुराटी कापल्यावर जमिनीत जी धसकटं उरतात ती वाळून खिळ्यासारखी होतात. बाभळीचे काटे तर बांधावर बाराही महिने. म्हणून मी सहा प्लायऐवजी आठ प्लायचे टायर पाहिले. जास्त प्लायचा टायर थोडा कडक असतो, मऊ जमिनीत तो जरा कमी पसरतो, हे मान्य करूनच घेतले. बाजूवर छापलेला चार अंकी तारखेचा आकडाही वाचला. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. उन्हात दुकानाबाहेर पडून राहिलेलं रबर न वापरताच म्हातारं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे चांगल्या टायरचा खर्च थोडा हलका झाला.

टायर चढवायला दुकानात गेलो तेव्हा तिथल्या काकांनी आधी विचारलं, “शेतात फिरवाचा आहे का रोडवर माल ओढाचा आहे, थे पयले सांगा न जी.” मला हा प्रश्न फार आवडला, कारण टायरमध्ये काय आणि किती भरायचं ते त्यावरच ठरतं. त्यांनी टॉमीने जुने टायर काढले, रिमचा गंज घासला, ट्यूबला पावडर लावली आणि काठाला साबणाचं पाणी. काठ रिमवर बसेना म्हणून हवा भरत सुटायचं नसतं. ३५ पौंडांच्या वर गेलं तर काठातली तार तुटून रिम उडू शकते. चढवण्याआधी दिशा पाहिली. मागून पाहिलं की नक्षीचं टोक वर हवं, म्हणजे पट्ट्याचा मधला भाग आधी मातीला लागतो आणि चिखल बाजूंना सरकतो.

मग पाणी. लहान ट्रॅक्टरला ओढीसाठी वजन कमी पडतं. लोखंडी वजनं विकत मिळतात, पण पाणी विहिरीत आहेच. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह सगळ्यात वर आणायचा, त्याची पिन काढायची आणि उंचावर ठेवलेल्या ड्रमचा पाइप लावायचा. पाणी आत जाताना हवा बाहेर पडावी लागते, म्हणून मधूनमधून पाइप काढून फुस्स करू द्यायचं. व्हॉल्व्हपर्यंत पाणी आलं की तीन चतुर्थांश टायर भरतो. आमच्या मापात ते दर चाकाला ४० लिटरच्या आसपास झालं. म्हणजे आठेकशे किलोच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर ८० किलो. हा भार एक्सलवर न येता थेट जमिनीवर येतो. उरलेली जागा हवेसाठी सोडायचीच, नाहीतर टायर दगडासारखा होतो आणि धक्का ट्यूबला बसतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, पण त्याने रिम गंजते. तिकडे काही जण बीटाच्या रसाचा द्रावही वापरतात. आमच्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे साधं पाणी पुरलं.

हवा मागच्या चाकांत १४ पौंड ठेवली, आणि मोजताना व्हॉल्व्ह वर ठेवला. टायर जरा बसल्यासारखा दिसतो म्हणून गावात ३० पौंडांपर्यंत हवा भरायची सवय आहे. पण फुगलेला टायर मधल्या भागावरच चालतो, डांबरावर मधोमध झिजतो आणि शेतात घसरतो. पुन्हा खडू आणि टेप घेऊन मोजलं. रिकामा २५ मीटर, पंजी लावून २२. घसरण १२ टक्क्यांवर आली.

जूनमध्ये पेरणी उरकल्यावर व्हॉल्व्ह खाली आणून पाणी सोडून दिलं. डवरणीला ओढ कमी लागते आणि ओली काळी माती वजनाखाली दबली की कपाशीची मुळं कोंडतात. हलकेपणा हा मिनी ट्रॅक्टरचा मोठा गुण आहे, तो भर पावसाळ्यात आपणच पाण्याने घालवू नये. पंजीच्या वेळी भरायचं आणि डवरणीच्या आधी काढायचं, एवढा त्रास मला रास्त वाटतो.

या जमिनीवर घरं चालतात. तिला दाबणारं किंवा सैल ठेवणारं शेवटचं जे काही आहे ते टायरच आहे. म्हणून टायर घेताना किंमत आणि कंपनी विचारण्याआधी माती कोणती, पीक कोणतं आणि काम कोणत्या महिन्यातलं, हे प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःला विचारावं. आणि हवेचं गेज घरी असावं. ते फार महाग नाही, आणि दर आठवड्याला दोन मिनिटं दिली तर टायरही टिकतात, जमीनही.