हशाची जागा

संकलनाच्या टेबलावर त्या वाक्यापाशी आम्ही सगळे गप्प झालो. गडकरी रंगायतनात याच वाक्यानंतर सासरेबुवा चहाच्या कपात बघत उभे राहायचे; बाल्कनीतला हशा विरेपर्यंत पुढचं वाक्य टाकून उपयोगच नसायचा. रविवारच्या प्रयोगाला चांगले सात सेकंद. पडद्यावर तोच नट, तोच कप, तेवढाच पॉज. आणि बघताना वाटत होतं, गडी वाक्य विसरलाय.

नाटकाचा सिनेमा करायचा म्हटलं की पहिल्यांदा घराबाहेर पडायची घाई होते. गाडी, बाजार, एखादं गाणं. मलाही झाली. पण दिवाणखाना सोडला की दारं सुटतात, आणि फार्स दारांवरच चालतो. डावीकडून बायको येतेय, उजवीकडे कपाटात मित्र कोंबलाय, आणि प्रेक्षकाला दोन्ही एकदम दिसतंय. कॅमेऱ्यानं आधी एक दार दाखवलं, मग दुसरं, की माहिती कळते, गंमत जाते. शेवटी दोन प्रसंग मी सरळ वाइडमध्ये ठेवले आणि नटांना तालमीसारखं धावू दिलं. छायालेखक आठवडाभर रुसला होता.

बाहेर पडावं ते नील सायमनसारखं. ‘द ऑड कपल’ हे त्याचं १९६५चं नाटक त्यातल्या ऑस्करच्या फ्लॅटबाहेर जात नाही. १९६८च्या सिनेमाची पटकथा त्यानंच लिहिली आणि सुरुवात केली हॉटेलच्या खोलीत : ऑस्करचा मित्र फेलिक्स जीव द्यायला आलाय, पण खिडकी उघडेना, आणि तिच्याशी झटताना पाठच धरते. घर सुटलं, स्वभाव सुटला नाही.

कपड्यांचं सोंग मात्र सिनेमाला जड जातं. ‘चार्लीज आंट’वरून अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ केलं. विजय चव्हाणांची मावशी विसाव्या रांगेतूनही मावशीच वाटायची. क्लोजअपमध्ये मेकअपखालची दाढी दिसते, आणि मग तिला न ओळखणारी बाकीची पात्रं मठ्ठ वाटायला लागतात.

टीव्हीची तऱ्हा आणखी वेगळी. ‘द ऑड कपल’ची मालिका १९७०मध्ये आली तेव्हा पहिलं पर्व एका कॅमेऱ्यावर, वरून चिकटवलेल्या हशासकट. दुसऱ्या पर्वापासून तीन कॅमेरे लागले आणि समोर खरी माणसं बसली. त्यातले टोनी रँडल, जॅक क्लगमन दोघंही रंगभूमीवर मुरलेले. डबाबंद हशाला कुठे थांबायचं, हे नटाला कसं कळणार?

आमच्या त्या सात सेकंदांचे मी दीड केले. मधे सासूबाईंचा एक शॉट टाकला. खरं तर त्यात त्या चष्मा शोधत होत्या. छान बसला. पहिल्या खेळाला थिएटर भरलेलं, वाक्य आलं आणि हशा असा फुटला की पुढची दोन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत. शेजारी सासरेबुवा बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “अरे, मी थांबलो होतो की.”